अंगठ्याला बांधलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे. पाळण्याला कसली आली आहे काळजी, असे तुम्हाला वाटेल. बाळाने झोपावे, आम्ही हलावे, संपले काम. पण खरे सांगतो, गेले कित्येक महिने माझ्या जिवाला घोर लागला आहे, आणि तो बाळाचा नाही, बाळाच्या ताईचा आहे.

ही ताई म्हणजे भिंगरी. एका जागी बसणे तिला ठाऊकच नाही, म्हणून घरच्यांनी ठेवलेले हे नाव. मला घडवले तेही तिच्यासाठीच. तिचा मामा सुतार. त्याने मोठ्या खोक्यांच्या उरलेल्या फळ्या घेतल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि कोपऱ्यांवर लाकडी पोपट बसवले. त्यातला एक पोपट चोचीविनाच निघाला, तरी शेजारच्या काकू हात फिरवून फिरवून माझे कौतुक करत. मी अगदी फुगून गेलो होतो. भिंगरी मोठी झाली आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. तिथे माझ्यात कांदे ठेवू लागले. अपमानच तो, पण मी निमूट राहिलो, कारण भिंगरी रोज सकाळी दप्तर उडवत शाळेत जात होती.

मग तिला भाऊ झाला. मला धुऊनपुसून पुन्हा टांगले. माझा आनंद मात्र फार टिकला नाही. बाबा ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई बाटल्या धुण्याच्या कारखान्यात कामाला. ती भिंगरीला म्हणाली, "चार दिवस घरी थांब गं, बाळ जरा मोठं होऊ दे." ते चार दिवस काही संपेनात. दुसरीतली ती मुलगी माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसू लागली, म्हणजे हात तांदूळ निवडायला आणि लसूण सोलायला मोकळे. शाळेच्या वेळी मुले खिडकीखालून गलका करत जात. तेव्हा तिचा पाय एकदम जोरात हलू लागे. बाळ खुदकन हसे. ही शाळा विसरली तर काय, या विचाराने मला चैन पडत नसे.

एके दिवशी शाळेच्या बाई घरी आल्या. आईने स्टूल पुढे केले, पण नजर वर केली नाही.

"बाई, तुमचं पटतं मला," ती म्हणाली, "पण बाळाला कुणाच्या गळ्यात घालू? काम सोडलं तर चूल कशी पेटायची?"

"मग बाळालाही पाठवा," बाई म्हणाल्या. "पाळण्यासकट."

शाळेचे मोठे सर काही सहजासहजी तयार झाले नाहीत. शेवटी त्यांनी अट घातली. पाळणा व्हरांड्यात टांगायचा, आणि रडण्याचा आवाज वर्गात आला की पाळणा, बाळ आणि मुलगी, तिघेही घरी. बाईंनी घरी येऊन हे सांगितले आणि मी धसकलोच. बाळाला काय कळणार अट?

आईने कामावर जाण्याआधी मला डोक्यावरून शाळेत नेऊन टांगले. वरची कडी गंजलेली होती. दोरी खिडकीतून आत गेली. भिंगरी खिडकीशेजारी बसली आणि सवयीने तिने दोरीचा फास अंगठ्यात अडकवला. बाळ झोपले. कडी झोक्यागणिक कुरकुरत होती आणि मी मनातल्या मनात तिला गप्प करत होतो.

इतक्यात बाई भिंगरीजवळ आल्या. तिच्या हातात खडू देऊन म्हणाल्या, "फळ्यावर 'बदक' लिहून दाखव बरं."

भिंगरी उठली आणि धावलीच. दोरीचे तिला भानच राहिले नाही. मी हिसका बसून भिंतीवर आपटलो, कलंडलो, आणि बाळ घसरत माझ्या काठाशी आले. भिंगरी जागच्या जागी थिजली. अर्धे पाऊल मागे सरून तिने मला सरळ केले. आता पुढे जावे तर बाळ पडणार, मागे यावे तर फळा राहणार. तिने पाय तसाच मागे ठेवला, हात लांबवला आणि फळ्याच्या अगदी कडेला 'ब' एवढाच लिहिला. वर्ग फिदीफिदी हसला. बाळाने भोकाड पसरले.

मोठे सर दारात येऊन उभे राहिले. "ठरलं होतं ना, बाई?"

भिंगरी गुपचूप दप्तर आवरू लागली. ती रडली नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

बाई खाली वाकल्या. त्यांनी तिच्या अंगठ्यातला फास काढला आणि आपल्या मनगटात अडकवला. "सर, दोरी एका लहान मुलीकडे होती. आता ती माझ्याकडे आहे." मग खुर्ची खिडकीशी ओढत म्हणाल्या, "भिंगरी, उरलेली अक्षरं लिही."

सरांनी माझ्याकडे पाहिले. "उद्या बघू," म्हणाले आणि गेले.

अजून आम्ही तिघे रोज शाळेत जातो, पण ते 'उद्या' मला छळतेच. कडी निसटली तर? बाईंची बदली झाली तर? रोज सकाळी माझा जीव टांगणीला असतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी मोडेन तेव्हा मोडेन. पण तुमच्या शेजारची जागा बरेच दिवस रिकामी दिसली, तर 'तिला शाळा आवडत नसेल' असे म्हणून सोडून देऊ नका. तिच्या घरी जा. आधी तिच्या पायांकडे बघा.