दगडावरचा चेहरा

शाळेच्या निरोपाच्या फोटोत एकतीस मुलं आणि दोन शिक्षिका होत्या. मागच्या रांगेत डावीकडून चौथा उलान. नारीन शहरातल्या आमच्या पाणीखात्यात भांडार सांभाळणाऱ्या बातमा-एझेंचा, म्हणजे बातमाताईंचा, हा मुलगा वसंतात नदीत वाहून गेला. बाकीचे सगळे फोटो त्याच्या फोनमध्ये होते, तोही त्याच्याबरोबर गेला. थडग्याच्या दगडावर चेहरे कोरणाऱ्याने बजावलं होतं, स्कॅनमध्ये चेहरा किमान सहाशे ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद हवा.

ऑफिसचं कॉपियर कॉम्प्युटरला जोडलेलंच नव्हतं. स्कॅन थेट कॉम्प्युटरवर यावा म्हणून मी एक फोल्डर शेअर केला आणि मशीनमध्ये त्याचा पत्ता नि पासवर्ड भरला.

"एवढं शिकलीस, आणि एक बटण सापडेना?" एझे म्हणाल्या.

"सापडलं, एझे. काच तेवढी पुसा."

त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने काच पुसली आणि फोटो पालथा ठेवला. "पोरी, हसरा येऊ दे हं. हसतोय तो त्यात."

मी सर्वांत बारीक स्कॅन लावला, इंचाला सहाशे ठिपके. फाइल आली. उलानचा चेहरा मोठा करून मी मोजायला लागले. एझे माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"पुरेल ना गं?"

चेहरा चौऱ्याण्णव ठिपके रुंद होता.