कल्ल्यातल्या किड्याचं बारसं

कात्रीचं टोक आत सरकवून तिने माशाचा कल्ला सोडवला आणि लाल कंगव्यासारखा तो तुकडा काचेच्या बशीत ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला. तिळाहून बारीक, चपटा. मागचे आकडे कल्ल्यात रुतवून माशाच्या रक्तावर निवांत जगणारा. आजवर कुणी न नोंदवलेली जात. तिने शोधलेली.

सर आत आले. हातात तिच्या शोधाचा निबंध, छापून घेतलेला.

"अभिनंदन! किड्याला तुझं नाव देतोय."

ती हसली. मग तिने पहिलं पान पाहिलं. लेखक एकटे सर.

"आणि इथे माझं नाव?"

"अगं, आपणच आपलं नाव नव्या जातीला द्यायचं नसतं. रीत आहे. ज्याचं नाव किड्याला, तो लेखकांत कसा बसेल? शोभतं का ते? आणि हा केवढा मान आहे!"

"सर, तुम्ही हा किडा पाहिलात तरी का?"

"चित्रात पाहिला की. छान काढलंयस."

तिने कात्री आपटली. बाजारातून माशांची मुंडकी हिने आणायची, घरच्यांनी नाकं मुरडली की हिने ऐकून घ्यायचं, नोकरीच्या मुलाखतीत "तुमचं छापून काय आलंय?" विचारलं की हिनेच मान खाली घालायची. आणि हे म्हणे मान देणार! पुढच्या मुलाखतीला काय दाखवायचं, किड्याचं नाव?

कोपऱ्यात बशा विसळणाऱ्या मावशी नळ चालू ठेवूनच पुटपुटल्या, "आयत्या बिळावर नागोबा."

सरांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.

"काही दुरुस्ती असेल तर आत्ताच कर," ते म्हणाले. "आजच नियतकालिकाकडे पाठवायचाय."

"रीत पक्की ना, सर?"

"म्हणजे काय! अगदी पक्की."

तिने पेन घेतलं. किड्याच्या नावातलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे सरांचं आडनाव लिहिलं. खालचं वर्णन, आकडे रुतवून दुसऱ्याच्या रक्तावर जगतो, जसंच्या तसं ठेवलं. लेखकाच्या ओळीला हात लावला नाही.

"एवढा मोठा मान मला कशाला, सर? तुम्हीच घ्या." तिने कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "वरची लेखकाची ओळ तेवढी रीतीप्रमाणे करून द्या."

मावशींनी नळ बंद केला.