सहा माणसांचं टेबल

किती खोल जायचं याचा अंदाज जगात फक्त सुताराला असतो, असं मिस्त्री चाळीस वर्षं सांगत आले होते. बायको गेल्यापासून सहा माणसांचं जेवणाचं टेबल त्यांना खायला उठायचं, म्हणून आज ते मधोमध कापायला घेतलं. फळी अठरा मिलिमीटर, पातं खाली दोन जास्त उतरायला हवं, म्हणून विजेच्या करवतीची खोली विसावर लावली आणि टेबलावर ठेवलेल्या सरळ पट्टीवरून ती सरकवली. टेबल दुभंगलं नाही, नुसती खाच पडली. करवतीखालच्या पट्टीची पाच मिलिमीटर जाडी मिस्त्री धरायलाच विसरले होते.

लेकीचा फोन आला. "बाबा, कापलंत का टेबल?"

"तीन मिलिमीटरनं वाचलं."

"मग आता?"

मिस्त्री खाचेवरून बोट फिरवत राहिले. "राहू दे सहाचंच. रविवारी सगळे जेवायला या. आणि येताना जाडसा टेबलक्लॉथ आण."