एका माणसाची वस्ती

शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात चार टेबलं होती, पण गेली दोन वर्षं बसत होती ती एकटी संयोगिता. बाकीचे पुण्याला गेले होते. दिवसातून एकदा तिथून सौमित्रचा फोन यायचा, तोही कामापुरता.

काम होतं कॉम्प्युटरला रस्ता, पूल, मोरी, बंधारा म्हणजे काय ते शिकवण्याचं. प्रत्येक शब्दाची काटेकोर व्याख्या लिहायची आणि एक व्याख्या दुसरीला बांधायची. मग जिल्ह्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसते का, ते प्रोग्राम तपासायचा.

एका सोमवारी गगनबावड्याकडचा एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, कुठेच बसेना. संयोगिताने धागा उलटा धरून शोध घेतला. पूल रस्त्याला वाहून नेतो. रस्ता दोन वस्त्यांना जोडतो. वस्तीत किमान एक कुटुंब असतं. आणि कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी दोन किंवा अधिक माणसं. साकवापलीकडे नोंद होती एकाच माणसाची. म्हणजे कुटुंब नाही, म्हणून वस्ती नाही, रस्ता नाही, आणि पूलही नाही. कुटुंबाची व्याख्या तिनेच लिहिली होती, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत.

साकवाचा फोटो मागवून भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली.

साकव लोखंडी होता, चांगला भक्कम. ती टेपने त्याची रुंदी मोजत होती, तेवढ्यात पलीकडून दुधाची किटली घेऊन एक माणूस आला.

"काय हुडकालायसा, पावणं?"

त्याचं नाव बाळासो. वाडीतली बाकीची चार घरं एकेक करून उठून गेली होती. बायको वारली होती, मुलगी बिद्रीला दिलेली. दोन म्हशी होत्या, म्हणून तो राहिला होता. संयोगिताने त्याला आपलं काम सांगितलं, आणि साकव कुठल्याच रकान्यात का बसत नाही तेही सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या घरात किती माणसं हायती?"

"मी एकटीच."

"मग तुमच्या घराला रस्ता हाय का न्हाय?"

तिने टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. तो किटली डेअरीच्या गाडीवर देऊन आला आणि म्हणाला, भाकरी खाऊनच जा. एसटीची वेळ झाली असं सांगून ती निघाली. गाडीला अजून दोन तास होते, हे तिला स्टँडवर बसल्यावर जाणवलं.

बुधवारी तिने व्याख्या बदलली. वस्ती म्हणजे जिथे किमान एक माणूस कायम राहतो ती जागा. सौमित्रने हरकत घेतली. असं केलं तर रानातलं एकेक खोपटही मोजावं लागेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मोजू या की," संयोगिता म्हणाली.

तो म्हणाला, "ठीक आहे. चालव."

तिने प्रोग्राम चालवला. साकव पुलांच्या यादीत जाऊन बसला. पण त्याच्याबरोबर नव्याने वस्ती ठरलेल्या जागांची एक यादीही खाली उतरत गेली. एकशे त्र्याऐंशी नावं. सगळीकडे माणसांचा आकडा एक.

सौमित्रने केव्हाच फोन ठेवला होता. संयोगिता पहिल्या नावापासून यादी वाचू लागली, एकही नाव न गाळता.