उजवे पुढचे चाक

रविवारी सकाळी, बाजारपेठेमागच्या गल्लीतील गॅरेजात, सासऱ्यांच्या मते सर्वथा निर्दोष असलेले घरच्या व्हॅनचे उजवे पुढचे चाक सुनेने उतरवले. व्हॅन चालताना होणारी घरघर डावीकडून येते, असे सासरे आठवडाभर बजावत होते. सून उजवीकडे बोट दाखवत होती. अखेर पैज लागली: उजवे बेअरिंग बदलून घरघर थांबली, तर यापुढे गाड्यांचा आवाज ऐकून दोष सांगायचा मान सुनेचा, नाही थांबली, तर तिने पूर्वीसारखे पान्हे पुसत बसायचे.

“स्टिअरिंग डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकावर येतो, बाबा. घरघर तेव्हाच वाढते.”

“आता मला शिकव.”

“शिकवते ना. स्टूल घ्या.”

दारात बसलेल्या सासूबाईंनी हसू लपवायला चहाचा कप तोंडाला लावला.

प्रेसच्या दाबाखाली चाकाचा हब बेअरिंगमधून सुटला. जुन्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर बारीक खड्डे होते. तिने ते सासऱ्यांपुढे धरले.

“इतकं पळालंय, खड्डे पडणारच. म्हणून आवाज त्याचाच, असं होत नाही.”

तिने नवे बेअरिंग प्रेसखाली ठेवले. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. मग हब बसवताना आतल्या कड्याला खालून टेकू द्यायचा. एवढे चुकले, तर नवे बेअरिंगही घरघरणार. सासऱ्यांचा हात आपसूक पुढे आला. तिने तो कोपराने अलगद बाजूला सारला. बेअरिंग हळूहळू आत सरकले, हब त्यात चपखल बसला. तिने चाक चढवून हाताने फिरवले. ते फिरतच राहिले.

मोकळ्या रस्त्यावर तिने वेग वाढवला. शेजारी सासरे, मागे सासूबाई. तिने स्टिअरिंग डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, पुन्हा डावीकडे. खिडकीतल्या वाऱ्याखेरीज काही नाही. तिला ओरडावेसे वाटत होते.

“बाबा?”

सासरे डोळे मिटून ऐकत होते.

“आहे अजून. डावीकडेच.”

वाद घालायचाच, तर निवांत घालू, म्हणून तिने व्हॅन कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

“नीट ऐका, बाबा. खरंच आहे?”

“आहे म्हणजे काय? आत्ताही आवाज येतोय की.”

“अहो,” सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, “गाडी बंद आहे.”

सासऱ्यांनी डोळे उघडले. त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला, तिथेच थोडा वेळ राहिला. मग तो खाली घेऊन ते गिऱ्हाइकाशी बोलावे तशा कोरड्या, ठाम आवाजात म्हणाले,

“उजवंच होतं.”