सुट्टीवरचा माणूस

पिक्चर संपला तेव्हा कुसुमबाईंनी टीव्ही बंद करायच्या आधी लेकाकडे पाहिलं आणि मग सुनेकडे. पिक्चरमधला जवान लढाईवरून घरी परतला होता, पण त्याचं मन काही घरात लागत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली शिरायचा, बायकोवर खेकसायचा. सरिताने पदराने डोळे पुसले. दीपेश मात्र पाय पसरून शेंगदाणे खात होता.

सगळ्यांचं असं नसतं, तो म्हणाला. त्यावर दोघी घाईघाईने "हो, हो" म्हणाल्या, तेव्हाच त्याने ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी घरातला कुकर गायब झाला. डाळ पातेल्यात शिजू लागली. एखादं भांडं पडलं की कुसुमबाई सुनेला डोळ्यांनीच दटावत, आणि मग दोघी त्याच्याकडे बघत.

दीपेशने सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवला होता, बर्फातल्या घाटांत. जिवाभावाचा एक सोबती गाडीसकट दरीत गेला. त्याची आठवण आली की दीपेश गप्प होई, नाही असं नाही. रात्री उठून फाटकापर्यंत फेरी मारायची सवयही सुटली नव्हती. पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. पेन्शनीत निघून घरी येऊन आठ महिने झाले तरी बोर्डीच्या बाजारात लोक विचारत, कधी आलास, परत कधी जाणार? घरात तर त्याहून वरताण. पापलेटचा मोठा तुकडा त्याच्या ताटात, पंख्याखालची जागा त्याची, आणि कामाला हात लावला की सरिता म्हणणार, राहू द्या, तुम्ही बसा. चिकूची वाडी तिनेच इतकी वर्षं राखली होती आणि झकास राखली होती. पण आपल्याच घरात आपण पाहुणे, हे त्याला फार लागायचं.

एक दिवस सरिता झाईला माहेरी गेली. ही संधी साधून दीपेशने बेडणी उचलली, म्हणजे टोकाला जाळी लावलेली चिकू उतरवायची लांब काठी, आणि मोहीम सुरू केली. सरिता परतली तेव्हा तो काठोकाठ भरलेल्या क्रेटशेजारी घाम पुसत मोठ्या ऐटीत उभा होता.

तिने एक चिकू उचलून नख मारलं. सालीखाली हिरवंगार. दुसरा घेतला, तोही तसाच. सगळे कोवळे, असले चिकू पिकत नाहीत, नुसते सुरकुततात. तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिने ते गिळलं.

"असू द्या," ती म्हणाली.

"असू द्या काय? एवढं नुकसान केलं मी. दुसऱ्या कोणी केलं असतं तर सोडलं असतंस?"

मग मात्र बांध फुटला. "नख मारून बघायचं एवढं पण कळत नाय? चार दिवस कामाला आलेली पोर पण असं करणार नाय! चांगली दोन झाडं बोडकी करून ठेवली." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि ती मटकन बांधावर बसली. "सतरा वर्षं एक शब्द नाय बोलले तुम्हाला. दोन महिन्यांची सुट्टी तुमची. भांडून पाठवलं आणि तिकडे काय झालं असतं, तर मी काय केलं असतं?"

सुट्टीतली तिची सगळी गोड बोलणी आता दीपेशला निराळीच वाटू लागली. तो तिच्या शेजारी बसला.

"आता नाही जायचंय कुठे," तो म्हणाला. "राहिलेलं बोलून घे."

"बोलणारच आहे. आधी हे क्रेट धरा."

एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने त्याने. गेल्या दिवाळीपासूनचं सगळं तिने काढलं: ओला टॉवेल, वाडीतला न बुजवलेला खड्डा, रात्रीची फाटकाची करकर. घर जवळच होतं. दीपेश मुद्दाम सावकाश चालत होता.