विहिणीच्या नावानं

मी गाणी गोळा करते. नागपुरात सदर भागात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव भटकून बायकांची गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं. मला यातलं सगळं कळतं, असा माझा समज होता.

सावनेरच्या कांताबाईंनी मला लग्नातली, विहिणीला डिवचायची गाणी म्हणून दाखवली. या गाण्यांत विहिणीचं नाव घालावंच लागतं. विहिणीला त्यांच्याकडे 'ईन' म्हणतात. कांताबाईंनी एक नाव घातलं:

पुष्पलता ईन आमची मांडवामंदी आली,
बारा पुऱ्या खाल्ल्या तरी भूक नाई गेली!

नाव कोणाचं, हे मी विचारलंच नाही. व्हिडिओ टाकला. आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिला आणि मी हवेत! मग कांताबाईंचा फोन आला.

"अबोली, पुष्पलता माही खरी ईन हाय वं! गाता गाता तिचंच नाव निघून गेलं. माही पोरगी भावना त्याच घरी नांदून राहिली, बुटीबोरीले. दोन दिवस झाले, पोरगी फोन उचलत नाई."

स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. व्हिडिओ लगेच डिलीट केला, आणि रविवारी सकाळी कांताबाईंना घेऊन बुटीबोरी गाठली.

पुष्पलताबाई दारातच उभ्या होत्या. आत सात-आठ बायका बसलेल्या.

"ईनबाई, चुकलं माह्यं," कांताबाईंनी हात जोडले. "पोरीवर राग काढू नका."

"राग तं हायेच," पुष्पलताबाई म्हणाल्या. "लग्नात तुमी डीजे लावला. माह्या नावानं कोणी एक गाणं म्हटलं नाई. चार बायकांत माहा मान काय राह्यला? सहा वर्सांनी आठवण आली तुमाले!" मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू डिलीट काहून केला वं? माह्या बहिणीनं पाह्यलाच नाई. बस खाली. आता आमचं घे."

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बायकांनी कांताबाईंचं नाव घेऊन त्यांचं नाक, त्यांचा चिकटपणा, त्यांची पातळ डाळ, काही म्हणून सोडलं नाही. कांताबाई मान खाली घालून ऐकत होत्या. एकदम त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांत मोठा आवाज भावनाचा होता. फोनही न उचलता केलेल्या तालमीनं घसा पार बसलेला, तरी सासूच्या मांडीला मांडी लावून ती आपल्याच आईचा उद्धार करत होती.

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या.

"म्हण वं बाई," त्या म्हणाल्या, "अजून म्हण."